आंबा पिकवणारे दोन वायू : एकाला बंदी, दुसऱ्याला मुभा

उन्हाळ्याची चाहूल लागताच फळबाजारांवर धाडी पडल्याच्या आणि 'कार्बाइडने पिकवलेले' आंबे नष्ट केल्याच्या बातम्या देशभरातून येऊ लागतात. गाव मुंबई असो, म्हैसूर असो वा दिल्ली, बातमीचा मजकूर फारसा बदलत नाही. चार दिवस चर्चा होते आणि हंगाम सरला की विषयही मागे पडतो. या बातम्यांच्या मुळाशी रसायनशास्त्रातील दोन अत्यंत साधे वायू आहेत. त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय बंदी नेमकी कशावर आहे आणि ती अनेक दशके लागू असूनही पुरती अमलात का येत नाही, याचा उलगडा होत नाही.

हे दोन वायू म्हणजे अ‍ॅसिटिलीन आणि इथिलीन. दोन्ही हायड्रोकार्बन वर्गातील, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले. दोहोंच्या रेणूत कार्बनचे अणू दोनच. हायड्रोजनचे अणू मात्र अ‍ॅसिटिलीनमध्ये दोन, तर इथिलीनमध्ये चार आहेत. फळे पिकवण्यासाठी यांपैकी पहिल्याचा वापर हा भारतात गुन्हा आहे, तर दुसऱ्याला ठरावीक मर्यादेत कायद्याची संमती आहे.

फळांची काढणीपश्चात निगा या विषयात ज्या संस्थांचे नाव देशात आदराने घेतले जाते, त्यांत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे स्थान वरचे आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची ही संस्था ऑक्टोबर १९५० मध्ये, म्हैसूरच्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा प्रासादात सुरू झाली. फळे व भाजीपाला तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग तेथे आहे. संस्थेचे महाराष्ट्राशी एक जुने, काहीसे विस्मृतीत गेलेले नातेही आहे. अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळात वादग्रस्त नमुन्यांचा अंतिम निवाडा देणाऱ्या चार मध्यवर्ती अन्न प्रयोगशाळा देशात होत्या. त्यांपैकी एक म्हैसूरच्या या संस्थेत आणि दुसरी पुण्याच्या राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत होती. उर्वरित दोन कोलकाता आणि गाझियाबाद येथे होत्या. विद्यमान कायद्याखालीही म्हैसूरच्या संस्थेला रेफरल प्रयोगशाळेचा दर्जा आहे.

इथिलीन हा मुळात फळाचा स्वतःचाच वायू आहे. आंबा, केळी, पपई, चिकू, पेरू ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात, ती त्यांच्या पेशींत तयार होणाऱ्या इथिलीनमुळे. या वायूचा वैशिष्ट्यपूर्ण गुण असा, की तो थोडा निर्माण झाला की फळाला आणखी इथिलीन निर्माण करण्याची चालना मिळते. त्यामुळेच अढीतला एक आंबा पिकला की शेजारचे आंबे त्यामागोमाग पिकू लागतात. तांदळाच्या डब्यात कच्ची फळे पुरून ठेवणाऱ्या आजीबाईंना इथिलीनचे नाव ठाऊक नव्हते, पण कोंडलेल्या जागेत फळ लवकर पिकते हे पक्के ठाऊक होते. केळ्यांना धुरी देण्याच्या पद्धतीमागेही हेच कारण आहे, कारण अर्धवट जळणाऱ्या पाल्याच्या धुरात इथिलीन असते. द्राक्षे, डाळिंबे आणि संत्री मात्र या गटात मोडत नाहीत. ती झाडावरच पिकतात आणि तोडल्यानंतर इथिलीन दिल्याने गोड होत नाहीत. संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग तेवढा जातो.

शास्त्रज्ञांना याचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. रस्त्यावरील दिव्यांसाठी जो गॅस त्या काळी वापरला जाई, त्याच्या सान्निध्यात वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात आणि त्याला गॅसमधील इथिलीन कारणीभूत आहे, हे दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन संशोधकाने १९०१ मध्ये दाखवले. कॅलिफोर्नियातील बागायतदार केरोसीनच्या शेगड्या पेटवून लिंबांना पिवळा रंग आणत. हा परिणाम उष्णतेचा नसून धुरातील इथिलीनचा आहे, हे १९२४ मध्ये सिद्ध झाले. फळे स्वतः हा वायू तयार करतात याचा रासायनिक पुरावा रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दिला.

अ‍ॅसिटिलीनची जन्मकथा वेगळी आहे. ती बाजारातून नव्हे, कारखान्यातून सुरू होते. कॅल्शियम कार्बाइडच्या राखाडी खड्यांना पाणी लागले की अ‍ॅसिटिलीन बाहेर पडतो आणि मागे विरी गेलेला चुना उरतो. ऑक्सिजनबरोबर जाळल्यास या वायूची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणूनच गॅस वेल्डिंग आणि लोखंड कापण्याच्या कामात तो अद्याप टिकून आहे. जत्रेतल्या दुकानांपुढचे कार्बाइडचे दिवे अनेक वाचकांना आठवत असतील. त्यांत जळत असे तो हाच वायू.

फळाच्या पेशी अ‍ॅसिटिलीनला इथिलीन समजून फसतात. दोन्ही रेणूंची ठेवण जवळपास सारखी असल्याने अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, परंतु तेवढ्याच परिणामासाठी तो कितीतरी पटींनी अधिक लागतो. पेटीत ठेवलेल्या कार्बाइडच्या पुडीला फळांतील व हवेतील ओलावा लागतो आणि वायू सुटू लागतो. साल भराभर पिवळी पडते, आतला गर मात्र तितका तयार झालेला नसतो. बाजारात या पुडीला 'मसाला' असे सोज्वळ नाव आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. खरा धोका शुद्ध अ‍ॅसिटिलीनपेक्षा कार्बाइडमधील अशुद्धींचा आहे. औद्योगिक कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिक यांचा अंश असतो आणि पाण्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन व आर्सिन हे विषारी वायू निघतात. कार्बाइडला येणारा लसणासारखा उग्र वास प्रामुख्याने फॉस्फिनचाच. चक्कर येणे, वारंवार तहान लागणे, गिळताना त्रास, उलट्या आणि त्वचेवर व्रण असे दुष्परिणाम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नमूद केले आहेत. चर्चा नेहमी ग्राहकाच्या आरोग्याची होते. पुड्या बांधणारा आणि कोंदट गोदामात पेट्या रचणारा हमाल मात्र हे वायू हंगामभर श्वासावाटे घेत असतो, आणि त्याच्याविषयीची बातमी क्वचितच वाचायला मिळते.

कायद्याच्या बाजूने संदिग्धता नाही. १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंध नियमांतील नियम ४४ एए नुसार कार्बाइड वायूने पिकवलेली फळे विकण्यास मनाई होती. पुढे २०११ च्या विनियमांत हीच बंदी कायम राहिली. २०१६ मध्ये प्राधिकरणाने इथिलीन वायूला प्रति दशलक्ष १०० भागांपर्यंत परवानगी दिली. फळ, त्याचा वाण आणि पक्वता यांनुसार हे प्रमाण ठरवायचे आहे. इथिलीनही ज्वालाग्राही असल्याने ही परवानगी धोक्याची नाही काय, असा प्रश्न विचारला जातो. हवेत इथिलीन पेट घेण्यासाठी त्याचे प्रमाण सुमारे २.७ टक्के असावे लागते. प्रति दशलक्ष १०० भाग हे त्याच्या सुमारे २७० पट कमी आहे. सिलिंडर हाताळताना सावधगिरी अर्थातच अपरिहार्य आहे.

इथिलीनची टंचाई हे कारणही पुढे करता येणार नाही. प्लास्टिक उद्योगाचा हा मूलभूत कच्चा माल आहे. मुंबईपासून जवळच, रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे इथेन आणि प्रोपेन यांचे भंजन करून तो तयार केला जातो आणि त्यापासून पॉलिथिलीन बनते. आंबा ज्या पिशवीतून घरी येतो ती पिशवी आणि आंबा पिकवणारा संप्रेरक, दोहोंचे मूळ एकाच रेणूत असावे, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल.

मग अडते कोठे? पहिली अडचण खर्चाची आहे. इथिलीनने फळ पिकवायचे तर हवाबंद खोली, तापमान व आर्द्रतेचे नियंत्रण आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याची सोय लागते. केळ्यांसाठी खोलीचे तापमान साधारण १६ ते १८ अंश राखावे लागते आणि फळ तयार होण्यास चार ते सहा दिवस जातात. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या निकषांत अशा रायपनिंग चेंबरसाठी सर्वसाधारण भागात ३५ टक्के अर्थसाह्याची तरतूद करण्यात आली. उर्वरित भांडवल उभारणे मोठ्या व्यापाऱ्याला जमते. हातगाडीवाल्याला किंवा आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याला जमत नाही. त्याच्यापुढे पुडी हाच स्वस्त मार्ग उरतो.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. हंगामाच्या सुरुवातीला आंब्याला सर्वाधिक भाव असतो आणि त्या मोहाने फळ तयार होण्याआधीच उतरवले जाते. कोकणातला जाणता बागायतदार आंबा चौदा आणे पक्व झाल्याशिवाय काढू नये असे सांगतो. असे फळ पेंढ्याच्या अढीतही उत्तम पिकते. कोवळ्या फळाला मात्र कोणताही वायू गोडी देऊ शकत नाही, केवळ रंग देऊ शकतो. अर्थात कार्बाइडचा प्रश्न अंशतः तोडणीच्या घाईचा प्रश्न आहे, आणि गोदामावरील धाडींनी तो सुटणारा नाही.

केळ्यांची स्थिती निराळी आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यातून केळी हिरवीच उत्तर भारतात रवाना होतात आणि तेथेच पिकवली जातात. कोणता वायू वापरायचा हा निर्णय शेकडो मैलांवरचा व्यापारी घेतो. बदनामी झाली तर ती मालाच्या, पर्यायाने शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

अलीकडे तिसराच प्रकार पुढे आला आहे. इथेफॉन हे द्रव्य वनस्पतीच्या संपर्कात इथिलीन मुक्त करते. त्याची पुडी फळांना स्पर्श न होऊ देता केवळ वायूचा स्रोत म्हणून ठेवण्यास मुभा आहे. तथापि अनेक ठिकाणी केळीचे घड थेट इथेफॉनच्या पाण्यात बुडवले जातात. मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना तपासणी वाढवण्यास सांगताना हे बुडवणे नियमबाह्य असल्याचे स्पष्ट केले. फळांच्या पेट्यांजवळ वा गोदामात कार्बाइड आढळल्यास तो परिस्थितिजन्य पुरावा मानून खटला भरला जाईल, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण अ‍ॅसिटिलीन उडून जातो आणि प्रयोगशाळेत फळावरून त्याचा वापर सिद्ध करणे अवघड असते.

कार्बाइड मिळते किती सहज, याचे विदारक दर्शन २०२५ च्या दिवाळीत घडले. मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड व पाणी घालून बार काढणाऱ्या 'कार्बाइड गन'मुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. कार्बाइडच्या साठवणुकीसाठी १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. वेल्डिंगच्या दुकानासाठी आलेला माल फळबाजारात आणि खेळण्यात पोहोचतो, तेव्हा त्याचा माग ठेवणे अन्न निरीक्षकाच्या कक्षेबाहेरचे असते.

जाता जाता भाषेविषयी थोडेसे. बातम्यांचा अनुवाद करताना 'कृत्रिमरीत्या पिकवलेली फळे' हा शब्दप्रयोग वारंवार हाताखालून जातो, आणि दरवेळी तो खटकतो. त्यात इथिलीनच्या खोलीतील केळे आणि कार्बाइडच्या पुडीतला आंबा एकाच पंक्तीला बसतात. वाचक दोहोंना सारखेच घाबरतो किंवा दोहोंकडे सारखेच दुर्लक्ष करतो. जो व्यापारी खर्च करून रीतसर खोली उभारतो, त्याला या सरसकट शब्दामुळे बाजारात काहीच लाभ मिळत नाही. फळ कोणत्या वायूने पिकवले हे पेटीवर लिहिण्याची पद्धत रूढ झाली, तर बातमीदारांना आणि ग्राहकांना दोघांनाही हा शब्द टाळता येईल.