परगावचा शेजार



दिल्लीच्या रुग्णालयांत एक शब्द वारंवार कानी पडतो: तीमारदार. रुग्णाच्या उशाशी बसणारा, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारा, रात्री व्हरांड्यात अंग टाकणारा असा जो कोणी असेल, तो तीमारदार. भाषांतर हाच जिचा व्यवसाय, तिला अशा शब्दाशी झुंजणे भाग पडते. ‘परिचारक’ म्हणावे तर पगारी माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘सोबती’ म्हणावे तर कोणी यात्रेला निघाले आहे असे वाटते. एका पत्रकात मी शेवटी ‘रुग्णाबरोबरचे नातेवाईक’ असे लिहून सुटका करून घेतली.

गेल्या डिसेंबरात एका मोठ्या रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर असाच एक तीमारदार मला भेटला. ती एक बाई होती, बिहारमधून आलेली. पाच-सहा वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर निजला होता. त्याच्या डोक्यावरचे केस गेलेले, तोंडावर फडक्याची पट्टी. तीन विटांच्या चुलीवर ती पाणी उकळीत होती. उकळलेले पाणी झाकून निववायचे, मग पाजायचे, असे तिला बजावण्यात आले होते आणि ती ते निष्ठेने करीत होती. शेजारून मोटारींचा धुरळा उडत होता.

हे पाणी उकळणे क्षुल्लक नव्हे. रक्ताच्या कर्करोगावरील औषधे रोगट पेशींबरोबर शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही मारतात. अशा दिवसांत आपल्या-तुपल्या घरी दोन दिवसांत बरा होणारा जुलाब त्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याला ताजे, नीट शिजवलेले अन्न हवे, स्वच्छ अंथरूण हवे, गर्दीपासून दूर एक कोपरा हवा. औषध डॉक्टर देतील. कोपरा कोणी द्यायचा?

मराठी माणसाला याचे उत्तर नवे नाही. १९५६ साली निवर्तलेल्या गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आसरा देते. मुंबईतच २००६ साली श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्याने ‘सेंट ज्यूड इंडिया’ची केंद्रे सुरू केली. तेथे कर्करोगग्रस्त मुलाच्या कुटुंबाला उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य जागा मिळते, आणि मला विशेष आवडते ते हे की स्वयंपाकघर सामाईक असले तरी प्रत्येक आईची शेगडी वेगळी असते. ही केंद्रे आता दिल्लीतही आहेत. हरियाणातील झज्जर येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आवारात २०२१ साली ८०६ खाटांचे विश्रामसदन उघडले. तरीही राजधानीतील पदपथ रिकामे झालेले नाहीत.

खरा घात मात्र निराळ्याच ठिकाणी होतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात पहिल्या महिना-सव्वा महिन्याच्या उपचारानंतर बहुधा रक्तात रोग दिसेनासा होतो. ताप जातो, मूल खाऊ लागते, हसू लागते. गावी पेरणी खोळंबलेली असते, धाकटी आजीजवळ रडत असते, उसनवारीचे पैसे संपलेले असतात. बाप म्हणतो, ‘बरा झाला, चला.’ वास्तविक उपचार दोन ते तीन वर्षांचा असतो. अर्ध्यावर सोडला तर रोग उलटतो आणि दुसऱ्या खेपेस तो अधिक दाद देत नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या दर शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. गरीब देशांत तीसही नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधांचा अभाव, उशिरा झालेले निदान ही कारणे आहेतच. पण हे अर्ध्यावर परतणेही त्यांतलेच एक आहे. आणि त्यावर औषधाच्या दुकानात उपाय मिळत नाही. त्या बापाला त्याच्याच भाषेत कोणीतरी समजावावे लागते, तारीख चुकली की दूरध्वनी करावा लागतो. दिल्लीत २००४ साली पूनम बगई यांनी ‘कॅनकिड्स’ स्थापन केली. त्या स्वतः कर्करोगातून उठलेल्या. अशा कामात ज्यांचे मूल यातून गेले आहे ते आईबाप नव्यांचा हात धरतात. ‘आमचाही असाच हसत होता’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी तितके पटत नाही.

रक्ताचेही तसेच. ज्यांना सर्व जण प्लेटलेट म्हणतात त्या रक्तकणिका पेढीत जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. गावी भाऊबंद असतात, दिल्लीत कोणी नसते. कॉलेजातला एखादा तरुण दीड-दोन तास खुर्चीवर बसून राहिला तर एका मुलाचा आठवडा निभावतो. आपल्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मंडळी रक्तदान शिबिर भरवतात ते चांगलेच. परंतु वर्षभर हाकेला येतील अशा दहा जणांची यादी कार्यवाहांपाशी असेल तर ती जास्त कामी येईल.

जाता जाता एक माहिती, कारण ती पुष्कळांना नसते. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पडत नाही आणि बरोबरच्या एका माणसाला त्याच वर्गांत पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातील दाखला मात्र हवा. आपल्या ओळखीत कोणी असेल तर त्यांना हे सांगावे.

त्या संध्याकाळी मी पर्स उघडली होती. बाईने पैशांकडे पाहिले नाही. पदराच्या गाठीतून तिने एक कागद काढला आणि तो मला वाचायला सांगितला. इंग्रजीत होता. मुलाच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख परवाची होती. ती सोमवार समजून बसली होती. इमारतही दुसरी होती, रस्त्याच्या पलीकडची. मी तिला ती बोटाने दाखविली, आणि मग पाणी निवेपर्यंत आम्ही दोघी तिथवर जाऊन दार पाहून आलो. मुलगा तिच्या खांद्यावर झोपलेलाच होता.