स्मरणरंजनाचा भूगोल

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने दोन शब्द रूढ केले : स्मरणरंजन आणि गतकातरता. ते सर्रास एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात. परंतु त्यांतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. एकात भूतकाळ हा रंजनाचा विषय असतो, तर दुसऱ्यात गमावल्याची व्याकुळता असते. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात मूळ संज्ञा घडविली ती घरापासून दूर पडलेल्या माणसांच्या आजारासाठी. म्हणजे तिचा आरंभीचा संबंध काळाशी नव्हता, स्थळाशी होता. मराठी चित्रपट आणि सुगम संगीत यांच्या ‘सुवर्णकाळा’विषयी गेली काही दशके जे लेखन होत आहे, त्याने ही स्थळाची बाजू जवळजवळ पुसून टाकली आहे. सुवर्णकाळ केव्हा होता हे त्यात आवर्जून सांगितले जाते. तो कोठे होता आणि कोणाचा होता, हे विचारले जात नाही.

बल्लारपुरात उभे राहून हा प्रश्न विचारला की त्याची धार लक्षात येते. सुवर्णकाळाची प्रचलित नामावली ठरलेली आहे : १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी, १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’. या काळाच्या बहुतांश भागात चांदा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात आणि पुढे जुन्या मध्यप्रदेशात होता. द्विभाषिक मुंबई राज्यात तो आला १९५६ मध्ये. चित्रपट-व्यवसायाच्या नकाशावर विदर्भ पुढेही आजच्या मध्यप्रदेश-छत्तीसगडच्या काही भागांसह ‘सी. पी. बेरार’ याच वितरणक्षेत्रात राहिला. तो नकाशा भाषेने आखलेला नव्हता. कोळसा खाणी आणि कागद कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदी बोलणारी कामगार कुटुंबे वसली. अशा वस्तीची सामाईक स्मृती प्राधान्याने हिंदी चित्रपटगीतांची असावी, यात नवल नाही. आणि १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटसंगीताला जवळजवळ दार बंद केले, तेव्हा ती गीते देशभर ऐकली गेली ती रेडिओ सिलोनवरून, अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’तून. पुणेरी सुवर्णकाळाच्या इतिहासात या श्रोत्याला जागा नाही. त्याच्या आठवणीला ‘हिंदीचे आक्रमण’ म्हणायचे आणि सदाशिव पेठेतील आठवणीला ‘मराठी संस्कृती’ म्हणायचे, हा न्याय समीक्षेचा नव्हे.

यावर एक उत्तर ठरलेले असते : प्रश्न प्रदेशाचा नसून गुणवत्तेचा आहे. ‘संत तुकाराम’ची गुणवत्ता कोणी नाकारीत नाही, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तिची दखल घेतली गेली. परंतु गुणवत्तेचा निर्णय एक गोष्ट आणि त्या निर्णयाच्या आधारे एका वर्गाच्या बालपणाला भाषेचे बालपण ठरविणे ही दुसरी. शिवाय गुणवत्तावाद्यांचा इतिहासही अपुरा आहे. ‘प्रभात’ने ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) ‘आदमी’ आणि ‘शेजारी’ (१९४१) ‘पडोसी’ म्हणून काढले. ज्या कलाकृती मराठीच्या शुद्ध एकांताचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात, त्या एका द्विभाषिक व अखिल भारतीय बाजारपेठेच्या आधाराने उभ्या राहिल्या होत्या.

बल्लारपूरच्या परिसरात, आणि १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, भूतकाळाशी नाते जोडण्याची आणखी एक रीत आहे. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे गावात येतात, मंडप पडतो आणि गाण्यांनी भरलेले नाटक रात्रभर चालते. देसाईगंज-वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. दंडार, खडी गंमत या जुन्या प्रकारांचे आणि संगीत नाटकाचे संस्कार त्यात मिसळले आहेत, चित्रपटाचेही आहेत. येथे जुने गाणे जपून ठेवलेली वस्तू नसते. ते प्रेक्षकांसमोर पुन्हा वापरले जाते, बदलते, कधी बिघडतेही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर अनेक वृत्तपत्रवाचकांना ही रंगभूमी ‘सापडली’. ती हरवलेली कधीच नव्हती.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पुण्याच्या सुवर्णकाळाच्या जागी झाडीपट्टीचा सुवर्णकाळ बसविणे ही देशीवादाच्या नावाखाली झालेली तीच चूक ठरेल. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये दाखविले आहे की प्रत्येक पिढी निरागस भूतकाळ आपल्या आधीच्या पिढीत शोधते आणि हा शोध मागे मागे सरकत जातो. झाडीपट्टीतही ‘पूर्वीची दंडार राहिली नाही’ ही खंत ऐकू येतेच. तिचे मोल आहे ते पुरावा म्हणून, निकष म्हणून नव्हे.

स्मरणरंजनाचा खरा दोष तो भावुक असण्यात नाही, तो जतनाला पर्याय म्हणून मिरवण्यात आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलमआरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यास १९६४ उजाडले. तोवर उसासे भरपूर टाकले गेले होते, फिती मात्र नष्ट होत राहिल्या. आज तीच वेळ झाडीपट्टीच्या हस्तलिखित संहितांवर, भित्तिपत्रकांवर, वृद्ध नटांच्या आठवणींवर आणि खाणवस्त्यांतील रेडिओच्या श्रोत्यांवर आली आहे. लोकप्रिय संस्कृती अभ्यासक्रमात घेणाऱ्या विद्यापीठीय मराठी विभागांनी ‘सुवर्णकाळ’ हा कालखंड म्हणून शिकवणे थांबवावे. तो एका वर्गाने एका ठिकाणाहून केलेला दावा म्हणून तपासावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबूपासून बल्लारपुरात कागद तयार झाला. त्या कागदावर इतरांच्या आठवणी बऱ्याच छापून झाल्या आहेत. बल्लारपूरच्या आठवणी आधी ऐकून, नोंदवून घेतल्याशिवाय मराठी लोकप्रिय संस्कृतीचा इतिहास लिहिला जातो आहे असे म्हणता येणार नाही.