'थँक यू' म्हणजे पोच नव्हे!

नोकरी सांभाळून केक, मेणबत्त्या किंवा वीकेंड ट्रेक्सचा जोडधंदा करताय? मग एक छोटीशी वेबसाइट असणारच आणि तिच्यावर 'संपर्क साधा'वाला फॉर्मही. तर मंडळी, त्या फॉर्ममधून शेवटची मेल कधी आली? आठवत नाही? मग 'सध्या मार्केट थंड आहे' म्हणण्याआधी जरा फॉर्मकडे बघा.

गिऱ्हाईक फॉर्म भरतं, बटण दाबतं, स्क्रीनवर 'थँक यू' झळकतं. ते खूश! पण कितीतरी छोट्या साइट्स पीएचपीवर चालतात. तिथलं 'मेल' फंक्शन 'झालं काम' म्हणतं, तेव्हा अर्थ एवढाच की सर्व्हरने मेल पाठवण्यासाठी घेतली. पत्र लाल डब्यात पडलं. घरी पोचलं की नाही, देव जाणे. इकडे तुम्ही ऑर्डरची वाट बघताय आणि तिकडे गिऱ्हाईक म्हणतंय, 'काय भाव खातात हे लोक!'

मेल अडते कुठे? पहिला संशयित म्हणजे 'फ्रॉम'चा रकाना. जुन्या स्क्रिप्ट्स तिथे गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकतात. म्हणजे मेल निघते तुमच्या सर्व्हरवरून आणि सही भलत्याचीच! १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले, तेव्हा ही सही तपासायची सोयच नव्हती. आता एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन वॉचमन गेटवर उभे असतात. याहूने तर एप्रिल २०१४मध्येच सांगून टाकलं, की आमच्या पत्त्याच्या नावाने भलतीकडून आलेली मेल सरळ नाकारा.

मग करायचं काय?

• 'फ्रॉम'मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा. गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. उत्तर बरोबर त्यालाच जाईल.

• डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आहेत का, हे होस्टिंगवाल्याला विचारा.

• नुसत्या 'मेल' फंक्शनऐवजी लॉग-इन करून एसएमटीपीने पाठवा. पीएचपीमेलर ही लायब्ररी फुकट आहे. पोर्ट बहुधा ५८७. मेल अडली, तर निदान एरर तरी दिसते. जीमेलचं खातं वापरणार असाल, तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या आणि 'फ्रॉम'मध्येही तोच जीमेल पत्ता ठेवा.

• सगळ्यात महत्त्वाचं: फॉर्ममधली माहिती डेटाबेसमध्येही साठवा. मेल हरवली तरी गिऱ्हाईक हरवणार नाही.

एवढं सगळं केलंत की एक सवय लावून घ्या. दर महिन्याला ईएमआय कटला, की स्वतःच्या फॉर्ममधून स्वतःलाच एक मेल टाका. स्पॅममध्येही डोकवा. दोन मिनिटांचं काम. आली तर उत्तम. नाही आली, तर मार्केट नव्हे, तुमचा पोस्टमन थंड आहे!