यंत्राचा विमा, कारागीर मात्र वाऱ्यावर!

धंद्यात धोका कशाचा, असे नंदनवन-हसनबाग भागातील एखाद्या फर्निचरवाल्याला, वेल्डिंगवाल्याला किंवा गॅरेजवाल्याला विचारले, तर आग, पूर, बुडालेली उधारी आणि वाढते भाव एवढे तो चटकन सांगेल. ज्याच्या हातावर धंदा चालतो तो कारागीर उद्या आला नाही तर काय, हा धोका मात्र क्वचितच कोणी मोजतो. आमच्या मते छोट्या धंद्याला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरादुकानांत पाणी शिरले. मालाचे नुकसान मोठे झाले. पण माल पुन्हा भरता येतो. वीस वर्षांचा उस्ताद निघून गेला, तर त्याच्याबरोबर मापे, गिऱ्हाइकाची पारख आणि हाताची सफाई जाते. ती कोणत्याही घाऊक बाजारात मिळत नाही.

मोठ्या कंपन्या या विचाराला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना त्यासाठी वेगळी समिती नेमणे सेबीने २०२१ मध्ये बंधनकारक केले. पण नागपूरकरांना हा धडा बाहेरून आणण्याची गरज नाही.

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराकाठी सुरू झाली. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तेथे हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसविण्यात आली. कापसाला आगीची भीती, म्हणून आपोआप पाणी फवारणारे नळ आले. ही मालाची काळजी झाली. कामगार मात्र वारंवार गैरहजर राहात. त्यांना धरून ठेवण्यासाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू झाली. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, म्हणजे २८ वर्षांनी! माणूस टिकला तर काम टिकते, असा हा साधा हिशेब होता, आणि हीच गिरणी टाटांच्या पुढील उद्योगांचा पाया ठरली.

पुढे काळ बदलला. १९८६ मध्ये गिरणी राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. एकदा केलेली व्यवस्था कायमची पुरत नाही, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

‘आमचा पाच माणसांचा कारखाना, टाटांची बरोबरी आम्हाला कशी परवडेल?’ असे आपले व्यापारी बांधव म्हणतील. प्रश्न रास्त आहे. परंतु जे करावयाचे त्याला मोठे भांडवल लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना आले पाहिजे. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द ठेवावा, मापे वहीत उतरवावीत आणि शिकविण्याचा मोबदला उस्तादाला वेगळा द्यावा. अन्यथा तो आपली विद्या का वाटेल?

दुसरी, अपघात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. करवतीवर काम करणाऱ्या माणसासाठी मालकाने एवढेही भरू नये काय?

तिसरी, निधी. दरमहा मालकाने आणि कारागिराने थोडी थोडी रक्कम बाजूला टाकावी. विमा व व्याजाबाबत ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनाही हा बिनव्याजी मार्ग मोकळा आहे. हा पैसा अमानत आहे; तो धंद्यात फिरवू नये आणि हिशेब दोघांच्या सह्यांनी ठेवावा.

उचल देऊन माणूस बांधला जातो, हा समज मात्र सोडावा. उचलीने बांधलेला कारागीर दुसऱ्या मालकाने ती फेडताच निघून जातो. आजारपणात आणि म्हातारपणात ज्याचा आधार वाटतो, त्या मालकाला तो सहसा सोडत नाही.

या महिन्याचा हिशेब लिहिताना आपण एक ओळ जास्त लिहावी: कोणता माणूस उद्या आला नाही, तर कोणते काम थांबेल? उत्तरात एकच नाव पुन्हा पुन्हा आले, तर धोका कोठे आहे ते कळले. त्या माणसाशी आजच बोलावे.