ऊस आपला, इथेनॉल आपलं, मग बंद पडलेलं इंजिन कुणाचं?



ऑक्टोबर छाटणी होऊन बाग तीन-चार पानांवर आली, त्यात दोन दिवस पाऊस. केवड्याचा धोका समोर, आणि ओलीमुळे ट्रॅक्टर बागेत घालता येईना. म्हणून शेडमधला पेट्रोलवरचा एचटीपी पंप काढला. जूनपासून टाकीत पेट्रोल तसंच होतं. दोरी ओढून खांदा गेला, पण पंप काही सुरू झाला नाही.

कार्बोरेटर उघडला तर वाटीच्या तळाला पाण्यासारखा वेगळा थर आणि जेटवर पांढरट खर. मग शेजारची 2006 ची व्हॅन बघितली. पावसाळ्यात वाडीचा रस्ता चिखलाचा, म्हणून ती चार महिने उभीच असते. तिचा पेट्रोलचा पाइप फुगून मऊ पडलेला. रबर जुनं होतं, सगळा दोष इथेनॉलचा असं मी म्हणणार नाही. पण फवारणी एक दिवस उशिरा झाली. त्या एका दिवसाची किंमत द्राक्षवाल्याला सांगायला नको.

कारण सोपं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी रोज चालत असेल तर पेट्रोल जळून जातं, त्रास जाणवत नाही. उभ्या गाडीत, अर्ध्या टाकीत, आपल्या पावसाळी हवेत ओलावा साठत जातो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि इंजिन आधी तळाचंच ओढतं. जुनं रबर आणि कार्बोरेटरचा धातू यांना ते मानवत नाही. डिझेल ट्रॅक्टरवाल्यांनी घाबरू नये, ही गोष्ट फक्त पेट्रोलची.

हे बोललं की आपलेच लोक म्हणतात, "तू उसाच्या विरोधात आहेस का?" अरे बाबा, माझा ऊसही कारखान्यालाच जातो. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, दोन्ही तालुक्यांचा संसार उसावर उभा आहे. इथेनॉल हवंच. पण आपल्या नावावर काय चाललंय तेही बघा. ई20 विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. सरकारने तिथे ऊस उत्पादकाचा फायदा सांगितला. मग 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली तेव्हा हाच उत्पादक कुठे होता? 2022-23 ते 2025-26 मध्ये एफआरपी क्विंटलला 305 वरून 355 झाली, ती वाढायलाच हवी होती. पण रसापासूनच्या इथेनॉलचा दर 2022-23 ला 65.61 रुपये ठरला, तो 2024-25 लाही तेवढाच. मग कारखाना म्हणतो पैसे नाहीत, आणि आपण बिलाची वाट बघतो. 2024-25 मध्ये तर सगळ्यात जास्त इथेनॉल मक्यापासून आलं. म्हणजे फायद्यात वाटेकरी वाढले, बोलणी मात्र उसाला.

आणि ग्राहक म्हणून? नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज ई20 वर 6 ते 7 टक्के घटेल, दुचाकीचं 3 ते 4 टक्के. जुन्या गाड्यांसाठी ई10 मिळत राहावं आणि मिश्रित पेट्रोल स्वस्त असावं, हेही त्यातच आहे. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट 2030 वरून अलीकडे ओढलं, ते गाठलंही. ई10 आणि स्वस्ताई तेवढी विसरली. इथेनॉल नसलेलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरात, साध्याच्या दीडपट भावाने. पाच लिटरसाठी आळेफाट्याहून पुण्याला जायचं का?

म्हणून मागणं तीनच. तालुक्यात निदान एका पंपावर ई10 ठेवा. प्रत्येक नोझलवर टक्केवारी मराठीत, ठळक लिहा. आणि मायलेज घटतं तेवढा भाव उतरवा. यात उसाचं एक कांडंही कमी होत नाही. नव्या गाड्या ई20 घेतीलच.

तोवर आपलं आपण सांभाळू:

– पंप, ग्रास कटर, पॉवर विडर महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.
– उभ्या ठेवायच्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका, जवळजवळ भरून ठेवा. आत हवा कमी तर ओलावा कमी. पंधरा दिवसांनी फिरवून आणा.
– पेट्रोलचे जुने पाइप आणि वॉशर पावसाळ्याआधी बदला.
– पेट्रोल पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत महिनोन् महिने ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, लागेल तेवढंच आणा.
– शंका असेल तर मापाच्या काचनळीत 50 मिली पेट्रोल आणि 50 मिली पाणी हलवून स्थिर होऊ द्या. खालचा थर साधारण 60 मिलीवर आला तर इथेनॉल 20 टक्क्यांच्या आसपास. विडी-काडी लांब ठेवून करा.

पावसाळ्यानंतर तुमचं कोणतं इंजिन बसलं, कोणत्या सालाचं, किती महिने उभं होतं, खर्च किती आला, ते लिहा. पंचवीस-तीस जणांचा हिशोब एका कागदावर आला तर तो घेऊन तहसीलला जाता येईल. नुसत्या तक्रारीला कोण विचारतं?