मुंबई पाहिली, दादरच्या पलीकडची



मुंबईला किती वेळा गेलात, असे कुणी विचारले तर आम्ही अभिमानाने सांगतो, दर वर्षी! ६ डिसेंबर आला की अकोल्याहून गाडीत दाटीवाटीने बसायचे, दादरला उतरायचे, रांगेत लागायचे, चैत्यभूमीला वंदन करायचे, शिवाजी पार्कवर चार पुस्तके घ्यायची आणि मिळेल त्या गाडीने परत. आमच्या आईच्या अशा तेवीस खेपा झाल्या. पण “आजी, तू मुंबई पाहिली का?” असे नातीने विचारले तेव्हा आईच काय, घरातले कुणीच बोलेना.

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत मिळते. कचेरीत इतरांची ही बिले तपासणारे आम्हीच. स्वतःचे बिल मात्र कधी टाकले नाही. हिंडणे-फिरणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आमची समजूत. यंदा अर्ज केला तर विहार समितीतल्या एका कार्यकर्त्याने सुनावले, “विहाराचा स्लॅब राहिला आणि तुम्ही हवा खायला चालले?” बोल जिव्हारी लागला. खरे सांगतो, दोन रात्री नीट झोप आली नाही. शेवटी वर्गणी आधी भरली, पावती खिशात घातली आणि जानेवारीत घरची पाच माणसे निघालो. मुक्काम कुर्ल्याला चुलतभावाच्या खोलीत.

पहिले वंदन अर्थातच चैत्यभूमीला. गर्दी नव्हती. आई स्तूपासमोर हवा तेवढा वेळ बसली. मग मागे जाऊन वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, “समुद्र इतका जवळ हाय होय!” तेवीस वर्षे ती या समुद्राकडे पाठ करून रांगेत उभी होती.

तेथून लोकलने फोर्टात. दादाभाई नौरोजी रस्त्यावर बुद्ध भवन आणि आनंद भवन. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. आम्ही बी.कॉम. झालो ते आमच्या जिल्ह्यातच, पण बँका आणि कंपन्यांच्या ऐन बाजारात आमच्या पोरांसाठी उघडलेला हा दरवाजा पाहून पाय हलेनात. मुलाने फोटो काढला. पहारेकऱ्याने हटकले नाही, हेही नोंदवतो, कारण आम्ही हटकण्याच्या तयारीनेच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी गेटवे ऑफ इंडिया. इंग्रजांच्या राजाच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली आणि १९४८ साली गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली. आम्ही हे मुलांना सांगत होतो, तेवढ्यात आईने चपला काढून हातात घेतल्या आणि विचारले, “डोकं कुठी टेकू रे?”

आम्ही म्हणालो, “इथे टेकायचं नाही, आई. नुसतं पाहायचं.”

“नुसतं पाहाले एवढ्या दूर आलो?” ती म्हणाली आणि चपला घालून कठड्याला टेकली. नंतर अर्धा तास तिला तेथून हलवणे जड गेले.

घारापुरीची बोट तासाभराची. सर्वांनी तरंगणारी जॅकेटे घातली. आमच्या शेजारी रत्नागिरीकडचे एक म्हातारे बाबा नातवाला घेऊन बसले होते. आईच्या गळ्यातला पंचशील मफलर पाहून त्यांनी जय भीम घातला. तीस वर्षे गोदीत माथ्यावर माल वाहिलेला हा माणूस, आणि लेणी पाहायला निघालेला पहिल्यांदाच. “बोटी रिकाम्या करण्यात जन्म गेला, बसलो कधी नाही,” म्हणाले. गोदीच्या याऱ्या दिसू लागल्या तसा त्यांनी वडिलांचा किस्सा सांगितला. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या कापूस आणि दारूगोळा भरलेल्या बोटीचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. बाबांचे वडील त्याच गोदीत हमाल होते. पण बाबासाहेबांच्या जयंतीचा मंडप बांधायला त्या दिवशी खाडा करून चाळीत राहिले. “खाडा केला म्हणून मी जन्मलो,” बाबा हसून म्हणाले. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. जयंतीच्या भाषणात आम्ही बरेच काही बोलतो, पण हे एकदाही बोललो नव्हतो.

याच बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले. १९१७ साली ते लंडनहून परतले, तेव्हा मात्र दुसऱ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान पुस्तकांसकट टॉर्पेडोने बुडाले होते. मुलगी पाण्याकडे पाहत म्हणाली, “एवढी पुस्तकं?” आणि गप्प झाली. पुस्तकांचा पैसा कसा जमवावा लागतो, हे आमच्या घरात तिला ठाऊक आहे.

घारापुरीला शंभरावर पायऱ्या आहेत. आई चार ठिकाणी बसत चढली. शैव लेणी भव्य आहेत, कारागिरांच्या हातांना सलाम. पण पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, ते विचारल्याशिवाय आम्हांला कुणी सांगितले नाही. विचारले तेव्हा वाटाड्याने लांबून बोट दाखवले. आईला तेवढे चालवणार नव्हते. तिने तेथूनच हात जोडले. बंदराचे आणि धम्माचे नाते जुने. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. कान्हेरी मात्र या खेपेस राहिली, आणि मुलगी त्यावरून अजून रुसलेली आहे.

जाता जाता एक. मुंबईचे दिवे समोर दिसणाऱ्या या घारापुरीत कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून तार टाकून. आमचा तांडा-वस्तीचा कार्यकर्ता मित्र हे ऐकून म्हणाला, “म्हणजे अंधार मुंबईपासून तासाभरावरही असतो.”

भाकरी घरून न्यावी, वर सर्व महाग मिळते. म्हाताऱ्या माणसांना काठी द्यावी.

परतीच्या गाडीत आई उशिरापर्यंत जागी होती. महिला मंडळातल्या कोण कोण येतील, हे बोटांवर मोजत होती. सकाळी बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गर्दीत आम्ही अकोल्याला उतरलो, तेव्हा आम्हांला बजावून म्हणाली, “पेपरात लिहिशील तं हे पयले लिहिजो, लेणी सोमवारी बंद राह्यते.”