एक्स-रे क्लिअर, तरी धाप का लागते? हलणाऱ्या एक्स-रेची चर्चा आणि तालुक्याची गरज

छातीचा फोटो काढला, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तरी शेताच्या बांधावर चढताना धाप लागतेच. ग्रामीण भागात हे नवीन नाही. साधा एक्स-रे म्हणजे श्वास रोखून धरलेल्या एका क्षणाचं चित्र. फुफ्फुस किती फुगतं, पडदा किती खाली जातो, हे त्यात दिसणार कसं?

ही अडचण ओळखून जपानमध्ये हलणारा एक्स-रे आला. लग्नाच्या फोटोंच्या रोलमुळे गावोगाव माहीत झालेल्या कोनिकाचीच पुढची कंपनी, कोनिका मिनोल्टा, हिने 2018 मध्ये ही यंत्रणा तिथे बाजारात आणली. पेशंट श्वास घेतो आणि सोडतो, तेवढ्या वेळात सेकंदाला साधारण 15 चित्रं टिपली जातात. मग ती व्हिडिओसारखी पाहायची. एका बाजूच्या पडद्याची नस निकामी झाली असेल, तर श्वास घेताना तो खाली जाण्याऐवजी वर सरकताना दिसू शकतो.

कल्पना तशी जुनीच. पूर्वी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर छाती हलताना बघायचे, त्याला ‘स्क्रीनिंग’ म्हणत. नवीन पद्धतीत किरणांचे छोटे छोटे झटके दिले जातात. तरी किरणोत्सर्ग एका साध्या फोटोपेक्षा जास्त, सिटी स्कॅनपेक्षा कमी.

मग असं मशीन तालुक्याला हवं का? मागणी करायला हरकत नाही, पण आधी हिशेब बघावा. टीबीच्या शोधासाठी स्थिर फोटो आणि थुंकीची तपासणी, हाच पाया आहे. 7 डिसेंबर 2024 ला देशात सुरू झालेल्या 100 दिवसांच्या टीबी मोहिमेतही हातात धरून नेता येणारी एक्स-रे मशीन वापरली गेली, ती स्थिर फोटोचीच. टीबीसाठी व्हिडिओची गरज नाही.

प्रश्न आहे तो चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायांचा आणि बिडी ओढणाऱ्यांचा. त्यांच्या दम्यासारख्या आजाराचं, म्हणजे सीओपीडीचं, निदान फुंकून करायच्या चाचणीनं होतं. स्पायरोमेट्री म्हणतात तिला. मशीन लहान असतं, किरण लागत नाहीत. अडचण एकच, जोरात फुंकावं लागतं, तेही किमान तीनदा नीट. थकलेल्या म्हातारीला ते जमेलच असं नाही. हलणाऱ्या एक्स-रेचा खरा उपयोग तिथे होऊ शकतो, कारण त्यात नुसता श्वास घ्यायचा असतो. पण त्या चित्रफितीवरून सीओपीडीचं पक्कं निदान करायची सर्वमान्य पद्धत अजून बसलेली नाही. फुंकायच्या चाचणीची जागा ती आज घेऊ शकत नाही.

म्हणून हे मशीन आलंच तर मेडिकल कॉलेजच्या ठिकाणी शोभेल. तालुक्याच्या दवाखान्यात स्पायरोमीटर आणि तो नीट फुंकवून घेणारा माणूस, ही मागणी त्याआधीची. ‘फोटो क्लिअर आहे’ म्हणून घरी पाठवलेल्या पेशंटनं फुंकायची चाचणी कुठे होते, एवढं तरी विचारून घ्यावं.